रक्तात काही नाही

लग्नानंतर मला सगळ्यात जड गेलं ते एक शब्द सोडणं. मामा. शेषाद्री हा माझ्या आईचा धाकटा भाऊ, आणि मी त्याच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून शाळेत जाणारी त्याची भाची. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत मामाशी लग्न होणं ही काही बातमी नव्हे. पुण्याकडचे पाहुणे हे ऐकून हातातली कॉफी खाली ठेवतात, तेवढंच. सांबार आम्ही तमिळांना दिलं की त्यांनी आम्हाला, यावर आमच्या गल्लीत अजून वाद होतो. मामा-भाचीचं लग्न मात्र आम्ही त्यांच्याकडून घेतलं, याबद्दल कुणाचाच वाद नाही.

तर लग्नानंतर मामा म्हणायचं नाही, अहो म्हणायचं. तमिळ बायका नवऱ्याला लाडाने खुशाल मामा म्हणतात, पण आमच्या घरात ते चालत नसे. मामा तो मामा आणि नवरा तो नवरा. माझी आई कनकलता एका दिवसात माझी नणंदही झाली, आणि माझ्या तोंडून तो शब्द निसटला की जेवायला वाढता वाढता डोळे वटारायची. वर्षभर तो निसटत राहिला. एकदा बसस्टँडवरच्या गर्दीत हाक मारली तर शेषाद्री सोडून चार जण वळले. त्यानंतर मात्र सुटला.

शब्द सुटला, पण त्याच्यामागचा भरवसा काही सुटला नाही. इतर बायका लग्नानंतर नवऱ्याला हळूहळू पारखून घेतात. मला त्याची गरजच वाटली नाही. ज्याचं बोट धरून मी मोठ्या देवळातल्या नंदीला पहिल्यांदा पाहिलं, त्याला आता काय पारखायचं. मी हायस्कुलात गणित शिकवते आणि पोरांना सांगते की प्रत्येक पायरी तपासा, उत्तर ओळखीचं दिसलं तरी तपासा. घरी मी एकही पायरी तपासली नाही.

जयतीर्थ आमचा पहिला मुलगा. सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत होता, मग पांढरा पडत गेला. थॅलॅसेमिया, असं निदान झालं. आईबाप दोघांच्याही रक्तात एकेक अर्धा दोष असतो, त्याने त्यांचं काही बिघडत नाही. पोराला दोन्ही अर्धे मिळाले की त्याचं स्वतःचं रक्त पुरत नाही आणि जन्मभर बाहेरचं चढवावं लागतं. आमच्यात तर दोघांचाही दोष एकाच घरातून आलेला, नेमका तोच. चारांत एक मूल असं निघणार, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आणि मागचं आजारी होतं म्हणून पुढच्याला सूट मिळत नाही, हेही मला कळत होतं. जयतीर्थाला दर महिन्याला रक्त चढवायला नेत असू. शेवटी शेवटी त्याची शीर सापडायची नाही, तेव्हा तो स्वतःच दुसरा हात पुढे करून नर्सला म्हणायचा, इथे पाहा. पाचव्या वर्षी तो गेला. त्याच्याबद्दल याहून जास्त मला लिहवत नाही.

मला पुन्हा दिवस राहिले ते अठ्ठ्याण्णव साली. मी शेषाद्रीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं की या वेळी मला आधी कळलं पाहिजे. वेल्लोरच्या मोठ्या इस्पितळात तशी तपासणी होत होती. पोटात सुई घालून वारेचा बारीकसा कण काढायचा आणि त्यावरून बाळाला रोग आहे की नाही ते सांगायचं. त्या सुईने गर्भ जाण्याचा थोडा धोका असतो. तो किती, हे मी विचारून घेतलं होतं आणि पत्करलं होतं.

"सुईनं पोर गेलं तर?" शेषाद्रीने विचारलं.

"आणि नाही गेलं, आणि जयतीर्थासारखं निघालं तर?" मी म्हणाले. "मज कळूं द्या. पुढे काय करायचं ते मग."

"सरी," तो म्हणाला. बरं, एवढंच. तो पाटबंधारे खात्यात होता, कालव्याला पाणी कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या कचेरीत, आणि घरातही कमीच बोलायचा. त्याने वेल्लोरची तारीख घेतली आणि गाडीची तिकिटंही काढली.

त्याच सुमारास मुरली आला. मुरली माझ्या मावशीचा मुलगा, मला अक्का म्हणणारा आणि शेषाद्रीला मामा. इंग्लंडात शिकून तो चेन्नईच्या एका नव्या खासगी लॅबमध्ये लागला होता. त्या वर्षांत बाहेरून आलेलं सगळंच आम्हाला चकचकीत वाटायचं, टीव्हीवरचे चॅनेल, रस्त्यावरच्या गाड्या आणि आमचा मुरली. तो बर्फाचा डबा घेऊन कावेरीकाठच्या खेड्यांतून गरोदर बायांचं रक्त गोळा करत फिरत होता. दुपारी आमच्याकडे जेवायला आला आणि मला दिवस गेल्याचं कळताच त्याचे डोळे चमकले.

"अक्का, आजपर्यंत बाळाची खबर आणायला सुई घेऊन आत जावं लागत होतं," तो म्हणाला. "गेल्या साली कळलं की बाळाची खबर आपणच बाहेर येते. त्याचे बारीक तुकडे आईच्या रक्तात उतरतात. दंडातून थोडं रक्त घेतलं की पुरे. सारं जग आता यामागे लागलंय."

"जयतीर्थाचा रोग कळेल त्यात?"

"त्याच वाटेनं चाललोंय आम्ही," मुरली म्हणाला.

परीक्षेत एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्यावर लाल फुली मारली असती. हो की नाही विचारलं तर वाट दाखवतो. पण मी दंड पुढे केला. पोटात सुई नको, माझं पोर हलायला नको, आणि तरी सगळं कळणार, हे मला इतकं हवं होतं की मी त्याला पुढचा प्रश्न विचारलाच नाही. मुरलीने रक्त डब्यात ठेवलं आणि निकाल मामांच्या कचेरीत फोन करून कळवतो म्हणाला. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता.

वेल्लोरला निघायच्या आदल्या आठवड्यात शेषाद्री संध्याकाळी कचेरीतून आला. मोपेड लावून, पाय धुऊन आत आला. मी वांगी चिरत होते.

"मुरलीचा फोन आला होता," तो म्हणाला. "रक्तात काही नाही."

मी विळी आडवी केली आणि तिथेच बसून रडले. जयतीर्थ गेल्यापासून मी अशी मोकळी रडले नव्हते. शेषाद्री शेजारी बसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून राहिला, लहानपणी मी पडले की ठेवायचा तसाच.

"मग वेल्लोर?" मी विचारलं.

"कशास आता? काही नाही म्हणतो ना तो."

त्याने तिकिटं परत केली. तपासणीचे आठवडे निघून गेले आणि मी ते हसत जाऊ दिले. मी पोटभर जेवत होते, वर्गात पोरांना चुकांची माफी देत होते. सातव्या महिन्यात आईने वळैकाप्पू केलं, शेजारच्या तमिळ बायकांनी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरले, आणि मला आठवतं, मी हात हलवून हलवून त्यांचा आवाज ऐकत होते. पोटातलं मूल निरोगी आहे हे माहीत असण्याचं सुख किती मोठं असतं, ते ज्याने आजारी मूल पाहिलंय त्यालाच कळेल.

सुप्रभा झाली. काळेभोर डोळे, आणि भूक अशी की आई म्हणायची, ही आपल्या घरची नव्हेच.

ती चार महिन्यांची असताना, पोंगल झाल्यावर, मुरलीचं आमच्या गावातल्या एका कॉलेजात भाषण ठरलं. गावचा मुलगा, म्हणून हॉल भरला होता. सुप्रभाला आईपाशी ठेवून मी आणि शेषाद्री पहिल्या रांगेत बसलो. मी चांगलं रेशमी नेसले होते. मुरली इंग्रजीत बोलत होता, पण छान सोपं बोलत होता, आणि मला माझ्या भावाचा अभिमान वाटत होता.

तो म्हणाला, आईच्या रक्तात आईचं आणि बाळाचं असं दोन्ही मिसळलेलं असतं. मग त्यातलं बाळाचं कोणतं, हे ओळखायचं कसं? सध्या उपाय एकच आहे. जे आईकडे असूच शकत नाही ते शोधायचं, म्हणजे पुरुषाचं वाय गुणसूत्र. ते सापडलं तर आपल्याला नक्की कळतं की हे बाळाचं आहे आणि आपली पद्धत चालते. पोटात मुलगी असेल तर काही सापडत नाही. मुलगा-मुलगी सांगणं हा आमचा हेतू नाही, ते कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. ही फक्त पहिली पायरी आहे.

मग त्याने पडद्यावर चित्र दाखवलं. काळ्या पट्टीवर काही घरांत उजळ रेघ होती आणि काही घरं रिकामी होती. रिकाम्या घरांवर काडी फिरवून तो म्हणाला, इथे काही नाही.

मी त्या रिकाम्या घरांकडे पाहत राहिले. त्यातलं एक माझं होतं. रक्तात काही नाही, म्हणजे रोग नाही असं नव्हे. रोग कुणी शोधलाच नव्हता.

मागून एका डॉक्टरांनी विचारलं की रक्तातले आजार यातून कधी कळतील. मुरली म्हणाला, संशोधन तिकडेच चाललंय. आधी बापाकडून येणारे दोष कळतील, कारण ते आईत नसतात आणि म्हणून वेगळे उठून दिसतात. पण आई आणि बाप दोघांचा दोष एकच असेल तर बाळाचा कोणता आणि आईचा कोणता, हे वेगळं काढता येत नाही. "आपल्याकडे नात्यातली लग्नं फार," तो म्हणाला. "अशा जोडप्यांची पाळी सगळ्यात शेवटी येईल. त्याला अजून पुष्कळ वर्षं लागतील."

टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी शेषाद्रीनेही टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. भाषण ऐकून एखादी नवी गोष्ट कळलेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं.

जेवायला मुरली घरी आला. आईने केळीची पानं मांडली, डांगर केलं होतं, त्याच्या आवडीचं. सुप्रभा झोळीत झोपली होती. मी वाढायला उभी होते ती तशीच उभी राहिले.

"मुरली, माझ्या रक्तात तू काय शोधलंस?"

त्याचा घास हातातच राहिला. "अक्का, तेच. आज दाखवलं ते."

"रोग नाही शोधलास."

"रोग कसा शोधणार? तुमचा दोघांचा दोष एकच, या पद्धतीनं तो ओळखणंच शक्य नाही. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." मग तो शेषाद्रीकडे वळला. "मी मामांस फोनवर तसं सांगितलंही. या नमुन्यात काही सापडलं नाही, आणि यात रोगाचं काही कळत नाही, वेल्लोर चुकवूं नका. दोनदा सांगितलं. मामा?"

शेषाद्री पानातला भात कालवत होता. कालवून झालेला भात तो पुन्हा कालवत होता.

"सांगितलं होतं त्यानं," तो म्हणाला.

"मग तुम्ही मज काय सांगितलंत?"

"काही नाही म्हणाला, ते सांगितलं. खोटं काय सांगितलं?"

मला वाटतं, त्याने नुसतं हो, फसवलं असं म्हटलं असतं तर मी कदाचित तिथेच खाली बसले असते. पण खोटं काय सांगितलं, हे ऐकून मला पायापासून राग आला. माझ्या मामाने मला असा शब्दात पकडणारा हिशेब कधी शिकवला नव्हता.

"वेल्लोरात रोग आहे म्हणाले असते तर तू काय केलं असतंस ते मज ठाऊक होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"मज ठाऊक नव्हतं. तुम्हांस कोठून ठाऊक?"

त्याने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "जयतीर्थाचं आधी कळलं असतं तर तो आलाच नसता. पांच वर्षं तरी होता ना तो आपल्यापाशी."

 तो खरं बोलत होता, आणि ते मलाही कधी ना कधी वाटून गेलं होतं. म्हणूनच राग आणखी वाढला. हेच त्याने मला तेव्हा सांगायचं होतं, वांगी चिरत होते तेव्हा. आम्ही भांडलो असतो, रडलो असतो, मग मी काय ठरवलं असतं कोण जाणे. कदाचित वेल्लोरला जाऊनही मी हिला ठेवलं असतं. पण ते ठरवण्याआधीच त्याने दोन शब्दांत माझ्यासाठी ठरवून टाकलं आणि वर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आणि तू," मी मुरलीला म्हणाले. "रक्त माझं घेतलंस. मज एक ओळ सांगता आली नाही?"

"मामांस सांगितलं म्हणजे तुज सांगितलं असंच वाटलं, अक्का," तो म्हणाला. बिचाऱ्याला खरंच तसं वाटलं होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच तसं वाटायचं, मलासुद्धा.

मुरली अर्ध्या पानावरून उठला. मी स्वयंपाकघरात गेले. आई ताक घुसळत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"आपलाच तो," ती म्हणाली. "परक्यानं केलं तर गोष्ट वेगळी. पोरीच्या मायेनं केलं त्यानं."

नवऱ्याने फसवलं तर आमच्यातली मुलगी आईकडे येते, आणि आई तिच्या मामाला बोलावते, आणि मामा जाऊन जावयाला चार शब्द ऐकवतो. अशी रीत आहे. माझी आई माझ्या नवऱ्याची बहीण होती, आणि ज्याला बोलवायचं तो बाहेर पानावर बसून भात कालवत होता. मी कुणाकडे जाणार होते?

झोळीत सुप्रभा उठली होती. मी तिला घेतलं, दारात उजेडाला आणलं आणि तिची नखं पाहिली. मग खालची पापणी ओढून पाहिली. गुलाबी वाटत होती. जयतीर्थाचीही या वयात गुलाबीच होती. ती माझ्याकडे पाहून हसली, आणि मी हसण्याऐवजी मनात मोजत होते, चारांत एक. बांगड्या हलवत काढलेले ते सगळे महिने कुणीतरी मागे जाऊन माझ्याकडून काढून घेतले होते. आता इथून पुढे तिच्याकडे नुसतं पाहताही येणार नव्हतं.

मी शाळेतून रजा घेतली आणि वेल्लोरला निघाले. शेषाद्री सोबत आला. मी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. गाडीत तो खिडकीशी बसला आणि सुप्रभाला झाडं दाखवत राहिला. बोलायचं असेल तेव्हा तिच्याशी बोलायचा, पाणी हवंय का तुझ्या आईला विचार म्हणायचा. मी पाणी घेतलं नाही. त्यांनी तिच्या इवल्या हाताला सुई लावली तेव्हा ती किंचाळली, आणि शेषाद्री भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रक्त दिलं आणि आम्ही परत आलो. निकालाला पुन्हा जायचं होतं. मधले दिवस आम्ही एका घरात राहिलो, एवढंच म्हणता येईल. रोज सकाळी मी तिची नखं पाहायचे, आणि एकदा मी अंघोळीहून आले तर तोही तिचा हात उजेडात धरून तेच पाहत होता. मला दया आली नाही. यावी असं वाटत होतं, पण आली नाही.

वेल्लोरच्या डॉक्टरीणबाई साध्या होत्या, केस पिकलेल्या. त्यांनी चष्मा लावला, कागद पाहिला आणि हसून तमिळमध्ये म्हणाल्या, "ओण्णुम इल्लै अम्मा." काही नाही, बाई.

शेषाद्रीने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"काय शोधलंत," मी विचारलं, "आणि ते नाही?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नाही. कागद माझ्याकडे वळवून त्यांनी नीट सांगितलं की तुमचा दोघांचा जो दोष आहे तोच शोधला, दोन्ही बाजूंनी शोधला. मुलीला एकच अर्धा मिळालाय. ती तुमच्यासारखीच राहील, तिला रक्त चढवावं लागणार नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी त्यांचे हात धरले.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात आलो. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू, सुप्रभाला मी इतकं आवळलं की ती कुरकुरली. शेषाद्रीच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने रुमालही काढला नाही.

"पाहा," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? काही नाही." आणि तिला घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.

फासा सरळ पडला होता. पण तो त्याने माझ्या नकळत टाकला होता, आणि आता तो सरळ पडला म्हणून आपण बरोबर होतो असं त्याला वाटत होतं. त्याला ते जन्मभर वाटणार होतं. सुप्रभा जितकी धडधाकट वाढेल तितकं जास्त वाटणार होतं. मी पोरीला खांद्यावर घेतलं आणि दुपट्याची पिशवी त्याच्या पुढे केलेल्या हातांत दिली.

"पिशवी तेवढी धरा, मामा," मी म्हणाले.

दाराशी उभी असलेली नर्स आमच्याकडे पाहून हसली. ती तमिळ होती, तिच्या कानांना ती एका बायकोने लाडाने मारलेली हाक वाटली. शेषाद्री मात्र जागचा हलला नाही. मी जिन्यापर्यंत पोचले तेव्हा मागून त्याच्या चपलांचा आवाज यायला लागला.